मोकळी जागा आणि रिकामी जागा

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरूस्थित माजी विद्यार्थ्यांचा मेळावा इंदिरानगर येथे भरला होता. त्या प्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ. – संपादक मंडळ)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो असा : गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी सार्वजनिक हिरवी जागा कशी निर्माण करावी. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. रस्ते, गटारे आणि पाण्याच्या टाक्या यांत माझी हयात गेली. वृक्षवेलींचे शास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु गेली तीस-बत्तीस वर्षे मी याच इंदिरानगरात राहतो, आमच्या घरामागील उद्यानाच्या रहिवासी समितीत बसतो, आणि त्या समितीत जितका वाद घातला तितका मी आयुष्यात कोणत्याही कंत्राटदाराशी घातलेला नाही. तेवढ्याच अधिकारावर मी आज बोलणार आहे. शेवटी आपल्या शाळेच्या मैदानाविषयी एक विनंती करायची आहे. ती मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वळसा घेऊन मी कोठे निघालो आहे याची आपल्याला शंका राहणार नाही.

आरंभी दोन शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. नगररचनेच्या नकाशावर एखाद्या तुकड्यावर 'मोकळी जागा' असे लिहिलेले असते. तोच तुकडा जमिनीचे व्यवहार करणाऱ्याच्या दृष्टीस पडला की तो म्हणतो, ''ही जागा रिकामी दिसते.'' हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण रिकामे भांडे, रिकामा खिसा, रिकामटेकडा माणूस, यांत काही तरी भरायचे राहून गेल्याची भावना आहे. मोकळा श्वास, मोकळे मन, मोकळी वाट, यांत उणीव कसलीच नाही. आडकाठी नाही, एवढाच अर्थ आहे. शहरातल्या हिरव्या जागेचे सारे भवितव्य तिच्याकडे पाहणारे लोक तिला मोकळी म्हणतात की रिकामी, यावर ठरते, असे माझे मत आहे.

आपण बसलो आहोत हा परिसर पूर्वी खेड्यांचा होता. बिन्नमंगल, दूपनहळ्ळी, मोटप्पनपाळ्य, लक्ष्मीपुरम, कोडिहळ्ळी ही नावे अजून गल्ल्यांच्या पाट्यांवर आणि वृद्धांच्या बोलण्यात शिल्लक आहेत. पूर्वेस विमानांचा कारखाना आला, त्याच्या अवतीभवती वसाहती आल्या आणि गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात इंदिरा गांधी यांच्या नावाने हे उपनगर आकारास आले. निवृत्त सेनाधिकारी, सरकारी कारखान्यांतील अभियंते, बँकांतील अधिकारी अशी शांत वस्ती. दर काही गल्ल्यांमागे एक लहानसे उद्यान. ही उद्याने कोणाच्या लहरीने झालेली नाहीत. बेंगळुरू विकास प्राधिकरणाचा १९७६ चा कायदा सांगतो की वसाहतीच्या एकूण क्षेत्रापैकी किमान पंधरा टक्के जागा उद्याने आणि क्रीडांगणे यांसाठी राखली पाहिजे आणि शिवाय किमान दहा टक्के जागा नागरी सुविधांसाठी. उद्यानासाठी राखलेली जागा अन्य कारणासाठी विकली वा दिली, तर तो व्यवहारच शून्यवत ठरेल, असेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

मग आम्ही जागेवरच बसून राहिलो आणि शहराचा मध्य आमच्याकडे चालत आला. शंभर फुटी रस्त्यावरील बंगल्यांचे तळमजले दुकानांना गेले, नंतर वरचे मजले उपाहारगृहांना गेले. २० ऑक्टोबर २०११ रोजी दक्षिण भारतातील पहिली मेट्रो बैयप्पनहळ्ळीहून महात्मा गांधी रस्त्यापर्यंत धावली. सहा स्थानकांपैकी एक आमच्या सीएमएच रस्त्यावर आले. मेट्रो आली याचा मला आनंदच आहे. या वयात मला तिचा फार आधार वाटतो. पण तिच्यासाठी महात्मा गांधी रस्त्याकाठची ती जुनी सावलीची पायवाट गेली आणि आमच्या रस्त्यावरची झाडेही गेली, हेही नोंदले पाहिजे. आज इंदिरानगरात दिवसभरात येणाऱ्या माणसांपैकी येथे राहणारे किती थोडे असतात, हे संध्याकाळी सात वाजता पदपथावर उभे राहून पाहावे. उद्याने मात्र शांत वस्तीसाठी आखली तेवढीच आहेत.

अशा जागा प्रथम का आखल्या गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत तो बेंगळुरूतही पोहोचला. दाट वस्तीत उंदीर, अंधार आणि कोंदट हवा यांनी माणसे कशी पटापट जातात, हे दोन्ही शहरांनी एकाच वेळी पाहिले. १८९८ साली मुंबईत 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला आणि त्याच वर्षी बेंगळुरूत मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या-ढाकळ्या वसाहतींची आखणी झाली. रुंद रस्ते, मागे-पुढे सोडलेली जागा, मधोमध बाग. मुंबईत त्याच विचारातून दादर-माटुंग्याची आखणी झाली. १९२५ साली मुंबई महापालिकेने त्या भागात 'माहीम पार्क' नावाचे मैदान लोकांना खुले केले. त्याचे नाव शिवाजी पार्क व्हावे यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि १९२७ साली, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, ते झाले. सुमारे अठ्ठावीस एकर जमीन. त्या जमिनीवर प्रचंड सभा झाल्या, आचरेकर सरांच्या नजरेखाली सचिन तेंडुलकर घडला, आणि भोवतालच्या कट्ट्यावर कित्येक पिढ्यांच्या गप्पा झाल्या. आजच्या भावाने त्या अठ्ठावीस एकरांचे मोल काढणारा माणूस त्या जागेला 'रिकामी' म्हणेल. दादरच्या माणसाला विचारून पाहा, शहरात त्याहून भरलेली जागा त्याला दुसरी सांगता येणार नाही.

बेंगळुरूतील कब्बन पार्कही असेच आहे. १८७० साली रिचर्ड सँकी या अभियंत्याने ते आखले. एका बाजूस जुनी पेठ, दुसऱ्या बाजूस इंग्रजांची लष्करी छावणी. दोघांची भाषा वेगळी, बाजार वेगळे, प्रशासनही वेगळे. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात हे उद्यान आले. पहिले शंभर एकर. पुढे ते वाढत गेले. आज वकील, कारकून, प्रेमिक, निवृत्त वृद्ध, कुत्रे फिरवणारे आणि नुसतेच गवतावर निजणारे असे सारे तेथे एकत्र दिसतात. राज्य सरकारने १९७५ साली कायदा करून कब्बन पार्क आणि लालबाग यांना संरक्षण दिले.

येथे आपल्याला जवळचा वाटेल असा एक धागा सांगतो. बेंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत एकामागून एक झाडे फुलावीत, शहर कधी फुलांवाचून राहू नये, या कल्पनेचे श्रेय गुस्ताव क्रुम्बिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला देतात. हा मनुष्य लंडनच्या क्यू उद्यानातून १८९३ साली भारतात आला तो सयाजीराव महाराज गायकवाडांच्या बडोद्यात. तेथे पंधरा वर्षे नोकरी करून १९०८ साली तो म्हैसूर संस्थानात आला आणि १९५६ साली बेंगळुरूतच त्याचा देह पडला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गल्लीत गुलाबी टॅबेबुया फुलतो, पाठोपाठ नीलमोहर, मग गुलमोहर आणि पीतमोहर. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते. त्यांना बडोद्याचा हा संबंध सांगितला की ते माझ्याकडे संशयाने पाहतात.

त्यानंतरचे मोठे काम १९८०च्या दशकातले. वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी नागरी वनीकरणाची मोहीम हाती घेतली आणि काही वर्षांत शहरभर सुमारे पंधरा लाख झाडे लावली. नुसती लावली नाहीत. घरोघर जाऊन कोणते झाड हवे ते विचारले, संरक्षक जाळ्या बसवल्या, पाणी घालण्यास माणसे नेमली. आज आपण ज्यांच्या सावलीतून या सभागृहात आलात, त्यांतील कित्येक झाडे त्या पिढीची असावीत. सावलीचे मोल आता मोजलेही गेले आहे. बेंगळुरूतील पर्यावरण-अभ्यासक हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, झाडे असलेल्या रस्त्यांवर दुपारची हवा झाडे नसलेल्या रस्त्यांपेक्षा ५.६ अंशांपर्यंत थंड होती, आणि डांबराच्या पृष्ठभागाच्या तापमानात तर २७.५ अंशांपर्यंत फरक होता. अनवाणी चालणाऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

आता ज्या घटनेसाठी मी हा विषय स्वीकारला तिच्याकडे येतो. या शहरातील राजमहाल विलास विस्तार, म्हणजे सदाशिवनगरचा भाग. तेथील आराखड्यात एक भूखंड सार्वजनिक उद्यानासाठी मोकळा ठेवला होता. उद्यान प्रत्यक्षात झालेले नव्हते. म्हणजे कागदावर मोकळी आणि डोळ्यांना रिकामी अशी ती जागा. एका खाजगी न्यासाला तेथे रुग्णालय काढायचे होते. मुख्यमंत्र्यांच्या पातळीवरून सूचना आली, प्राधिकरणाने भूखंड देऊन टाकला. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींपुढे ते हरले. खंडपीठापुढे जिंकले. न्यास सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ जुलै १९९१ रोजी तेथेही रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला. 'बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या नावाने तो निकाल देशभरातील वकील आजही दाखवतात.

त्यात दोन मुद्दे होते आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. पहिला मुद्दा असा की, बागेची जागा गेली म्हणून शेजारच्या माणसाचे असे काय बिघडले की त्याने न्यायालयात यावे? न्यायालयाने सांगितले की त्या वस्तीत राहणाऱ्यांचे आरोग्य आणि जीवनमान याच्याशी निगडित आहे, म्हणून त्यांना दाद मागण्याचा हक्क आहे. दुसरा मुद्दा अधिक अवघड. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. बागेच्या जागी दारूचे दुकान निघाले असते तर सारेच विरोधात उभे राहिले असते. पण रुग्णालयाला नाही कसे म्हणावे? न्यायालयाने त्याला नाही म्हटले. लोकांच्या आरोग्यासाठी राखलेली मोकळी हवा काढून घेऊन त्या जागी, पैसे मोजणाऱ्यांसाठी, खाजगी रुग्णालय देता येणार नाही. एक सुविधा दुसरीच्या बदल्यात खपवता येणार नाही. न्यायमूर्ती सहाय यांनी असेही लिहिले आहे की, पूर्वी बाग ही राजेरजवाड्यांची आणि धनिकांची चैन होती, आता ती लोकांनी लोकांनाच दिलेली देणगी आहे.

मला या निकालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की, मोकळ्या जागेवर येणारे संकट बहुतेक वेळा चांगल्या कामाचे रूप घेऊन येते. वाचनालय, समाजमंदिर, व्यायामशाळा, पाण्याची टाकी, थोर पुरुषाचा पुतळा. प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर योग्यच असते. मी अभियंता आहे म्हणून एक हिशेब मांडतो. एक एकराची चौरस बाग घ्या. तिची प्रत्येक बाजू सुमारे २०९ फूट. कडेकडेने सहा फुटांचा फरसबंद चालण्याचा मार्ग केला, तर तेवढ्यानेच बागेचा नववा हिस्सा दगडाखाली जातो. मग मुलांसाठी रबरी जमीन, व्यायामाची यंत्रे, बॅडमिंटनचे मैदान, पंपघर, माळ्याची खोली, देणगीदारांच्या नावाचा चौथरा. दहा वर्षांत बाग हिरव्या रंगात रंगवलेल्या सिमेंटची होते. एका एकरावर बेंगळुरूच्या सरासरी पावसाने वर्षाकाठी सुमारे ३९ लाख लिटर पाणी पडते. ते मातीत मुरायचे की गटारात जायचे, हे या एकेका 'चांगल्या' कामाने ठरत जाते. २०२४च्या उन्हाळ्यात या शहरातील विंधनविहिरी आटल्या आणि मोठमोठ्या संकुलांत टँकरसाठी रांगा लागल्या, तेव्हा हा हिशेब मी आमच्या समितीत पुन्हा मांडला. त्या सभेत एक नवा कारंजा बसवण्याचा प्रस्ताव होता.

पण माती राखली, झाडे राखली, तरी जागा मोकळी होतेच असे नाही. कित्येक वर्षे या शहरातील उद्याने सकाळी दहाच्या सुमारास बंद होत आणि दुपारी चारला उघडत. सकाळी फिरणारे आणि संध्याकाळी खेळणारे, यांच्या सोयीचे हे वेळापत्रक. भर दुपारी, जेव्हा सावलीची खरी गरज, तेव्हा फाटकाला कुलूप. आमच्या भागात घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची संख्या तुम्ही पाहताच. एप्रिल महिन्यात दुपारी तीन वाजता ही मुले बंद दुकानाच्या पायरीवर, दुचाकीच्या आसनावर, रोहित्राच्या पेटीच्या आडोशाला बसलेली असत, आणि पन्नास पावलांवर पर्जन्यवृक्षाची विस्तीर्ण सावली कुलपात असे.

समितीत मी फाटक दिवसभर उघडे ठेवण्याचा ठराव मांडला. आक्षेप आले. ते मी तुच्छतेने सांगत नाही, कारण ते बोलणारी माणसे सज्जन होती. कोणी म्हणाले, ही मुले तंबाखू खाऊन थुंकतील. कोणी म्हणाले, मग आमच्या मुली तेथे जाणार नाहीत. कोणी विचारले, एकुलता एक माळी, तो जेवायचा कधी? आमच्या समोरच्या घरातील एक कन्नडभाषक आजी सहसा सभेत बोलत नसत. त्यांनी एवढेच विचारले, ''मग दुपारी ही सावली आपण कोणासाठी राखून ठेवली आहे?'' याचे उत्तर कोणी दिले नाही, पण मतदान झाले आणि ठराव मोठ्या फरकाने पडला. पुढे अलीकडे महापालिकेनेच उद्याने पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत खुली ठेवण्याचे जाहीर केले. आदेश निघणे वेगळे आणि कुलूप निघणे वेगळे, याचा अनुभव आम्ही आणखी काही महिने घेतला. अखेर फाटक उघडले. मुली यायच्या बंद झाल्या नाहीत. दुपारी माणसे असतात म्हणून उलट शाळा सुटल्यावर थेट बागेत येणाऱ्या मुली मला आता दिसतात. थुंकण्याचा प्रश्न मात्र खरा निघाला. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि हात धुण्याची मोरी केली, तेव्हा तो बराच कमी झाला. तुम्ही हसता आहात, पण उद्यान टिकते ते अशा मोरीवर. भाषणांवर टिकत नाही, माझ्याही नाही.

राहिला प्रश्न नव्या जागा निर्माण करण्याचा. शहराच्या मध्यभागी कोरी जमीन आता मिळणार नाही. पुष्कळशी तर आपण आपल्या हातांनीच घालवली. बेंगळुरूचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी आहे आणि कंठीरव क्रीडागार संपंगी तलावाच्या. महाराष्ट्रात कायदाच असा की, विकास आराखड्यातील आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर ठराविक मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण गळून पडते. बागेसाठी रंगवलेले नकाशावरचे कितीतरी हिरवे तुकडे असे पुसले जातात. तरीही काही ठिकाणी उलटे घडले आहे. मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या ढिगाऱ्यावर माती पसरून, एकेक रोप जगवून सुमारे सदतीस एकरांचे जंगल उभे केले गेले. १९९४ साली ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून खुले झाले. शाळांच्या सहली तेथे जातात. आपल्यापैकी जे मुंबईत आहेत त्यांनी मुलांना फुलपाखरे दाखवायला जरूर न्यावे. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली दोन इमारतींच्या मधल्या एका बेचक्यात पेली पार्क नावाची बाग केली गेली. तिचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडील दोन-तीन मोठ्या वर्गखोल्या आणि त्यांपुढचे पटांगण एवढेच. हलवता येणाऱ्या खुर्च्या, डोक्यावर झाडांची पाने आणि रस्त्याचा गोंगाट बुडवणारा पाण्याचा पडदा. बेंगळुरूतही जुन्या राजकालुव्यांपैकी, म्हणजे पावसाचे पाणी एका तलावातून दुसऱ्यात नेणाऱ्या ओढ्यांपैकी, एकाचा काठ स्वच्छ करून लोकांना चालण्यासाठी देण्याचे काम शांतिनगरच्या बाजूस झाले आहे.

या साऱ्या उदाहरणांत मला एकच गोष्ट समान दिसते. जमीन आधीपासूनच तेथे होती. कोणी तरी तिला रिकामी म्हणण्याचे थांबवले.

आणि म्हणून आता आपल्या शाळेचे मैदान. साठ वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली तेव्हा भोवती वाडे होते, परसे होती, विहिरी होत्या. मैदान ही काही अपूर्वाई नव्हती. आता वाड्यांच्या जागी सात-सात मजले आले आहेत. मी गेल्या दिवाळीत गेलो होतो. शाळेच्या आसपास चालत पाहिले, तर पायाखाली माती लागेल अशी एकच जागा उरली आहे आणि ती आपल्या कुंपणाच्या आत आहे. शाळेच्या वेळात ती आपल्या मुलांची. उरलेल्या वेळात ती कोणाचीच नाही. संध्याकाळी त्या परिसरातील मुले दोन मोटारींच्या मध्ये क्रिकेट खेळतात आणि चेंडू आपल्या भिंतीवरून आत गेला की पहारेकऱ्याची विनवणी करतात.

हीरकमहोत्सवी निधीतून करावयाच्या कामांची यादी मला कार्यकारी मंडळाने आपुलकीने पाठवली. तीत बहुउद्देशीय सभागृह आहे, मैदानाच्या दोन बाजूंना फरशी आहे आणि वाहने उभी करण्याची सोय आहे. सभागृह हवेच. मी त्याच्या विरोधात नाही. पण ते जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीवर मजला चढवून होऊ शकेल. तिचा पाया मी पाहिला आहे आणि संरचना अभियंत्याकडून रीतसर तपासणी करून घ्यावी, तिचा खर्च मी देईन. फरशीविषयी मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. पावसाळ्यात चिखल होतो ही तक्रार रास्त आहे, पण तिचा उपाय मुरूम, उतार आणि चरांनी होतो. मैदान झाकून होत नाही. चिंचेच्या बुंध्याभोवती आताच केलेला सिमेंटचा पार निदान चार फूट मागे घ्यावा, नाहीतर ते झाड पुढचा महोत्सव पाहणार नाही.

आणि दुसरी गोष्ट फाटकाची. रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ, आणि रविवारी सकाळी, मैदान परिसरातील सर्वांसाठी उघडे राहावे असे मी सुचवतो. पालकांच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे, आणि आमच्या समितीत तेच ऐकून मी आलो आहे. वर्गांच्या इमारतीला स्वतंत्र जाळीचे दार हवे, म्हणजे मैदान उघडले तरी शाळा उघडी पडणार नाही. दिवे हवेत. पाण्याचा नळ आणि मोरी हवी. मुलींसाठी आठवड्याचे काही ठरलेले दिवस अर्धे मैदान राखलेले हवे, कारण नुसते 'सर्वांसाठी' म्हटले की मोठी मुले सगळे मैदान व्यापतात. हे आमच्या बागेतही झाले. जागा संस्थेचीच राहील आणि वापर तात्पुरत्या परवानगीचा आहे, हे वकिलाकडून नीट लिहून घ्यावे, म्हणजे विश्वस्तांनाही झोप लागेल. वर्षभर करून पाहावे आणि पुढच्या वार्षिक सभेत हिशेब मांडावा.

उरतो चावीचा प्रश्न. पहारेकऱ्याच्या पगारावर हे चालणार नाही. तो एकटा माणूस फाटक उघडेल, पण भांडणे मिटवू शकणार नाही. परिसरात राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी चौदा जण मिळाले, तर प्रत्येकाला पंधरवड्यातून एक संध्याकाळ येते. परवापर्यंत नऊ जणांनी होकार कळवला आहे. त्यांत आपल्या १९७९च्या तुकडीतील तिघी मैत्रिणी आहेत. आम्ही जे दूर राहतो, त्यांनी दिवे, नळ आणि जाळीचे दार यांचा खर्च उचलावा असा माझा प्रस्ताव आहे. त्याचा अंदाजपत्रकाचा कागद मागच्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी ठेवला आहे. शेजारीच वही आहे. ज्यांचे भाऊ-बहीण, वर्गमित्र अजून शाळेच्या परिसरात राहतात त्यांनी त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक, त्यांना विचारून, त्या वहीत लिहावेत. अजून पाच हवेत.